बुडखे डाव्या अंगाला

भारा तिसऱ्यांदा पडला तेव्हा जयमालानं त्याला लाथ घातली.

"मर तिकडं मुडद्या!" ती गवतावर ओरडली, आणि मग तिथंच बांधावर फतकल मारून बसली.

भादव्याचं ऊन पाठ सोलत होतं. माती वरून तडकलेली, आतून लोण्यासारखी. पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतायचा. सासऱ्याच्या जमिनीतला रोडपलीकडचा, नाल्याकडंचा एवढाच तुकडा राहिला होता. बाकीची सगळी कंपन्यांच्या भिंतींआड गेलेली. तुकड्यात हत्तीगवत होतं, दावणीच्या म्हशीपुरतं.

तिचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. शिमग्याच्या सुमारास, चाकणला, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये. प्रेस वर जाऊन अडली, पत्रा सरकवायला हिनं हात घातला, आणि ती वरून खाली आली. ठेकेदार दवाखान्यात एकदाच तोंड दाखवून गेला. "ताई, तुमचं लक्ष नव्हतं," म्हणाला. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही.

तेव्हापासून वैरणीचं असं चाललं होतं : जयमाला गुडघ्यानं गवत दाबून एका हातानं कापायची आणि भारा सासू, गोजाबाई, डोक्यावर वाहायची. सत्तरी ओलांडलेली बाई, पण मान अजून खांबासारखी. पोळ्याच्या आधी नाल्यातल्या शेवाळावरून तिचा पाय सटकला आणि खुबा मोडला. दुष्काळात तेरावा महिना. म्हातारी पडवीत खाटेवर, आणि म्हैस अर्धपोटी. जयमाला काखेत मावेल तसं कवळ-कवळ गवत आणायची. त्यानं म्हशीची एक दाढही भिजत नव्हती.

त्या दिवशीही ती कवळभर गवत घेऊनच घरी आली. नवरा समाधान तळवड्याच्या कंपनीच्या गेटवरची ड्युटी उरकून आला होता. खाकी शर्ट न काढताच तो बोलला,

"उद्या दुपारी सोपानराव टेम्पो घिऊन येतोय. म्हस आन् रेडकू, दोन्ही देऊन टाकतोय."

सोपानराव म्हणजे गुरांचा व्यापारी. जयमालाच्या हातातलं गवत खाली पडलं.

"कुनाला इचारून?"

"इचारायचं काय त्यात? आये झोपून. मी बारा तास गेटवर. तू..." तो थांबला.

"बोला की. मी थोटी."

"तसं न्हाई म्हनलं मी. पर डोक्यावर भारा घिऊन त्यो रोड वलांडायचा म्हंजी गंमत हाय का? एक कंटेनर थांबतोय का तितं? उद्या तू चाकाखाली घावलीस, तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"आन् म्हस गेल्यावर मी दिसभर काय करू? ह्या थोटकाकडं बघत बसू?"

समाधाननं खाकी शर्ट खुंटीला अडकवला. तांब्या घेऊन मोरीकडं गेला. माणूस वाईट नव्हता. भ्यालेला होता.

दिवेलागणीला जयमाला सासूचे पाय चेपत बसली. एक हात, त्यामुळं एका वेळी एकच पाय.

"कुनीकडं पडतो गं भारा?" गोजाबाईनं विचारलं.

"उजवीकडं. दर डाव उजवीकडंच."

"दवाखान्यातली डागतरीन काय म्हनली व्हती? तोलाचं कायतरी सांगत व्हतीस."

संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी विजयश्री म्हणून डॉक्टर होती. तिनं जयमालाला आरशापुढं उभं करून दाखवलं होतं : डावा खांदा वर चढलेला, उजवा खाली ओढलेला.

"त्या म्हनल्या, हात गेला म्हंजी त्याचं वजनबी गेलं. अंगातल्या वजनाचा मध, म्हंजी मधला ठिपका, उजवीकडं सरकलाय. त्याला वस्तुमानाचा मध म्हनायचं. आन् जमीन आपल्याला जितनं खाली वढती, त्यो गुरुत्वमध. मानसाचं दोन्ही एकाच जागंला असत्यात. ती जागा दोन पावलांच्या मधी हाय तवर उभं ऱ्हायचं, भाईर गेली की पडायचं."

"एकाच जागंला दोन नावं कशापायी?"

"मीबी इचारलं. म्हनल्या, डोंगराएवढी वस्तू असली तर दोन जागा जराशा येगळ्या निघत्यात."

"डोंगर कोन डोक्यावर घेतंय!" म्हातारी फिसकन हसली आणि खुब्यात कळ आली तशी ओठ चावून पडून राहिली. जरा वेळानं म्हणाली, "भारा कसा बांधतीस?"

"तुमी शिकिवला तसाच. निम्मे बुडखे हिकडं, निम्मे तिकडं."

"का बांधायचा तसा? बुडखा जड, शेंडा हलका. दोन्हीकडं सारकं केलं की तोल मधोमध येतो. पर पोरी, तुजा मधच आता मधी न्हाई ऱ्हायला. मंग भाऱ्याचा कशाला ठिवतीस?"

जयमालाचा हात पायावरच थांबला.

"बुडखे डाव्या अंगाला घालू म्हंता?"

"सगळे न्हाई. जास्तीचे. बघ करून. मला काय ठावं? मी दोन हातांनीच जल्म काढला."

दुसऱ्या दिवशी समाधान रजा टाकून घरीच राहिला. जयमाला इळा घेऊन नाल्याकडं गेली. कापलं, दोरी अंथरली, जास्तीचे बुडखे एका अंगाला घातले. गुडघा रोवून दोरी आवळली, गाठ दातांनी ओढली. दातांतून रक्त आलं ते थुंकली. भारा रेटत रेटत बांधावर चढवला, आपण खालच्या सरीत उतरली, चुंबळ डोक्यावर ठेवून मान भाऱ्याखाली घातली आणि उठली.

भारा पडला. पण डावीकडं.

ती बघतच राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा डावीकडं! म्हणजे बुडखे जास्त झाले होते. दोरी सोडली, दोन पेंढ्या उलट्या फिरवल्या, पुन्हा आवळली. पुन्हा मान घातली.

या वेळी ती उठली आणि उभीच राहिली. भारा डोळ्यांवर वाकडा लोंबत होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, आत्ता पडेल. पण मानेला तो वाकडा लागत नव्हता. वजन सरळ कण्यातून खाली, दोन टाचांच्या मधे उतरत होतं.

रोडच्या कडेला ती थांबली. मोटारींनी भरलेला लांबडा ट्रेलर गेला. त्याच्या वाऱ्यानं लुगडं पायांना गुंडाळलं, भारा डुलला. तिनं पाय फाकवले आणि दम धरला. कंपनीच्या बसमधल्या पोरी काचेला नाक लावून बघत होत्या. दुभाजकापर्यंत गेली. तिथं उभी राहिली. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. मान वळवता येत नव्हती, म्हणून नुसत्या कानांनी अंदाज घेतला आणि उरलेला रोड ओलांडला. घामानं डोळे चरचरत होते. पुसायचे कशानं? होता तो हात भाऱ्याला होता.

ती गल्लीत वळली, तर दारात टेम्पो उभा.

रेडकू वर चढवलेलं होतं, आतून रेकत होतं. म्हैस फळीवर पाय ठेवीना. सोपानराव मागून शेपूट पिरगाळत होता. समाधान पुढून दावं ओढत होता.

जयमाला त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"उतरवा," ती म्हणाली.

समाधाननं वर पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"वयनी, जरा दम धरा," सोपानराव म्हणाला. "दावं सुटलं तर जनावर उधळंल. आधी म्हस चढू द्या."

ती हलली नाही. मानेची शीर थरथरत होती. पडवीतून गोजाबाई ओरडली,

"समाऽ! बायकूच्या डोक्यावर वझं हाय रं! उभा काय ऱ्हायलास दगडावानी?"

समाधाननं दावं सोडलं. दोन्ही हातांनी भारा धरून खाली घेतला. त्याच्या वजनानं तो स्वतःच गुडघ्यावर आला. "एवढा आनलास?" एवढंच बोलला. म्हैस उधळली नाही. फळीवरून मागं सरकली आणि गवतात तोंड खुपसलं.

"ही न्हाई जायाची," जयमाला म्हणाली. "रेडकूबी उतरवा."

"ते न्हाई जमायचं," सोपानरावनं फळी उचलली. "यवहार दोन्ही जनावरांचा झालाय. तुमी म्हशीपुरता मोडला, मी गप बसलो. चढलेलं जनावर मी खाली घेत नसतो. सबूद हाय ह्यांचा."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. समाधान जमिनीकडं बघत राहिला.

टेम्पो गेला. रेडकाचं रेकणं रोडपर्यंत ऐकू येत होतं, मग ट्रेलरांच्या आवाजात बुडालं. म्हशीनं तोंडातलं गवत तसंच टाकून मान वर केली आणि जो हंबरडा फोडला, तो दिवेलागणीपर्यंत थांबला नाही.

धारंच्या वेळी जयमाला कासेखाली बसली. पाणी मारलं, कास चोळली, चुचकारलं. रेडकू नाही तर पान्हा कसला? म्हशीनं दुधाचा थेंब दिला नाही. समाधान जवळ येऊन उकिडवा बसला. "चुकलं माजं," म्हणाला. तिनं पुन्हा कासेवर पाणी मारलं.

"दील," खाटेवरून म्हातारी म्हणाली. "आरडंल चार रोज. मंग दील."

"न्हाई दिलं तर?"

"तरी वैरन लागंलच की."

सकाळीही चरवी कोरडीच राहिली. जयमालानं ती पालथी घातली, चुंबळ खांद्यावर टाकली आणि इळा घेऊन नाल्याकडं निघाली.