दिवसाला पाव पाऊल

बाबा गणिताचे मास्तर, त्यामुळे घरात त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अर्धांगवायूनंतर फिजिओथेरपीच्या बाई रोज येऊन त्यांना चालवत, आणि आधाराविना किती पावलं पडली ते बाबा आलेखकागदावर टिंब देऊन मांडत. खाटेपासून फाटकापर्यंत एकशेवीस पावलं. तेवढी जमली की लेकीने नोकरीवर जायचं, असं दोघांचं ठरलेलं. नोकरी दुसऱ्या शहरात, रुजू व्हायला अठरा दिवस उरलेले.

"नव्वदपर्यंत आलोय," काल बाबा म्हणाले होते. "पण रेषेचा चढ बघ. बारा घरं पुढं, तीन घरं वर. दिवसाला पाव पाऊल. तीस पावलांना चार महिने लागतील गं."

चार महिने! ती रात्रभर तळमळली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाप की नोकरी, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आज बाबा डुलकी घेत होते, तेव्हा तिने उशीखालचा कागद ओढला. रेघ खरंच लोळल्यासारखी होती. बारा घरं पुढं, तीन वर. मग कोपऱ्यात बारीक, सुबक अक्षर दिसलं: आडवं एक घर म्हणजे एक दिवस, उभं एक घर म्हणजे दहा पावलं.

बारा दिवसांत तीस पावलं. दिवसाला अडीच!

तिला आधी हसू आलं, मग संताप. प्रमाण न बघता नुसती घरं मोजली म्हणून याच माणसाने पोरांचे आयुष्यभर गुण कापले, तिचेसुद्धा. कागदावर खोटं टिंब द्यायला हात धजला नाही, ते खोटं जिभेनं बोलून टाकलं. आणखी बारा दिवसांत बाबा फाटकाशी पोचणार होते, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. फोन घेऊन ती थेट फाटकाशी गेली, म्हणजे आत ऐकू जायला नको.

"नमस्कार. हो, मीच. एक तारखेला हजर होईन, नक्की..."

मागून एक हात आला आणि फोनवर पडला. बाबा! बनियनवर, काठी नाही, एका पायात चप्पल, घामाने निथळलेले.

"नको ना जाऊस," ते म्हणाले. "एकटा राहायला भीती वाटते मला."

तिला गलबलून आलं. मग तिची नजर त्यांच्या मागे, पार खाटेपर्यंत गेली.

"बाबा, किती पावलं झाली?"

त्यांनी वळून खाटेच्या खोलीकडे पाहिलं. ओठ हलले. तोंडावरचा रंग उडाला.

"मोजली नाहीत," ते म्हणाले, आणि तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.