बाथरूमची खिडकी

अर्जाच्या तिसऱ्या पानावर, अकराव्या प्रश्नापाशी व्हर्लिनचे पेन थांबले.

“ऑरिन, हे ‘कधीही शिक्षा झाली आहे काय’ म्हणजे किती मागचं रे?”

“कधीही म्हणजे कधीही. का? पाळण्यात असताना कुणाला चावला होतास?” मी म्हणालो.

तो हसला नाही. गार झालेली कॉफी बाजूला सारून त्याने सांगितले. एकोणिसाव्या वर्षी दोन मित्रांबरोबर तो एका बंद दुकानात शिरला होता. आठ महिन्यांचा तुरुंग झाला होता.

घरोघर चोरीचे अलार्म बसवत एकतीस वर्षे आम्ही एकाच व्हॅनमधून फिरलो होतो. तारा मी ओढायच्या, विक्री त्याने करायची. तो आधी किंमत कधीच सांगत नसे. घरभर हिंडून झाले की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीने घराचा नकाशा काढी, त्यावर सेन्सरचे ठिपके देई आणि शेवटी विचारी, “बाई, झोपता कुठं?”

आजवर माझा एकट्याचा परवाना दोघांना पुरत असे. पण आता अलार्म, कॅमेरे आणि दाराची कुलपे एकाच यंत्रणेत आली, आणि राज्याने नियम केला: अशी यंत्रणा विकण्यासाठी जो घर आतून पाहील, त्यालाही स्वतःचा परवाना हवा. फोटो, बोटांचे ठसे आणि हा अकरावा प्रश्न. नियम वाईट नव्हता. आदल्याच वर्षी शेजारच्या गावात खोटे ओळखपत्र लावलेल्या एका विक्रेत्याने म्हाताऱ्यांची घरे आतून हेरून ठेवली होती.

“‘नाही’ लिहू का?” व्हर्लिनने विचारले. “पन्नास वर्षं होत आली. तो न्यायाधीशसुद्धा मेला.”

“दप्तरं मरत नाहीत. खाली मालक म्हणून माझी सही आहे. खरं ते लिही. खरं लिहिणाऱ्याचा विचार करतील ते.”

“तू म्हणतोस म्हणून हं.”

मी तांत्रिक महाविद्यालयात शिकलेला माणूस. सर्किट नीट जोडले की दिवा लागतोच, हा माझा जन्मभराचा विश्वास.

नऊ आठवड्यांनी नकार आला. राजधानीत जाऊन अपील करता येत होते.

“जाऊ या,” मी म्हणालो. “मी साक्ष देतो.”

“आणि मी काय सांगू? एकोणपन्नास वर्षं चोरी केली नाही, बघा? ते तर कुणीही सांगेल. सोड, बाबा.”

ऑगस्टमध्ये मिस लुएला स्पार्क्स यांचा फोन आला; आमच्याकडे वयस्कर बायकांना, लग्न झालेल्यांनाही, आदराने मिसच म्हणतात. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. कुणीतरी मागचे दार हलवून गेले होते. व्हर्लिन सवयीने व्हॅनमध्ये येऊन बसला. मी त्याला ऊठ म्हणालो नाही. घरापाशी पोहोचल्यावर मी उतरलो, तो बसून राहिला.

“तुमच्याबरोबरचे ते कुठायत?” मिस लुएलांनी विचारले. “माझ्या बहिणीकडे आले होते. तासभर नुसती चित्रं काढत बसले, म्हणाली. पण त्या दिवसापासून ती शांत झोपते.”

“ते बाहेर आहेत.”

“या उन्हात? अहो, बोलवा ना आत! गार चहा केलाय.”

“त्यांना आत येता येत नाही. परवान्याचं आहे.”

“घर माझं, बोलावतेय मी, आणि परवाना कुणाचा?”

मी मोजपट्टी उघडली. सगळ्या खोल्या आणि दारे मोजून मी नकाशा काढला. रेघा सरळ होत्या. तो घेऊन मी व्हॅनपाशी गेलो. व्हर्लिनने चष्मा चढवला आणि कागद गुडघ्यावर पसरला.

“बाथरूमला खिडकी दाखवली नाहीस?”

“इवलीशी आहे, पार वर. मांजरसुद्धा अडकेल.”

“बाहेरून खिडकीखाली काय आहे?”

“गॅसची टाकी.”

“मग माणूस जातो.” त्याने पेन्सिल उचलली. “एकोणीस वर्षांचा असला, तर जातो.”

त्याने खिडकी काढली आणि तिच्या कोपऱ्यात सेन्सरचा ठिपका दिला. एकतीस वर्षांतले त्याचे सगळे ठिपके माझ्या डोळ्यांसमोर आले. अर्जात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

“झोपतात कुठं त्या?”

मी विचारलेच नव्हते.

“जा, विचारून ये.”

मी पुन्हा पायऱ्या चढलो. मिस लुएलांनी दार सताड उघडे ठेवले होते; व्हॅनमधून बैठकीची खोली थेट दिसत असणार. मी वळून पाहिले. व्हर्लिन टोपी मांडीवर घेऊन, घराकडे पाठ करून, रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसला होता.