एकेचाळिसावी ओळ

लाबेजाने बोटाला थुंकी लावून पान उलटलं, पुन्हा मागे आणलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं.

"ओकोट नावाची नोंद नाही."

"नसणारच," लामुनू म्हणाली. "तुम्हीच केली नव्हती, मास्तर."

मिशनच्या पडवीत तिसरं कोणी नव्हतं, हे त्याने आधीच पाहून ठेवलं होतं. लढाई संपली, लोक निर्वासितांच्या छावणीतून आपापल्या गावी परतले आणि त्या उजाड जागेवर मिशन सुतारकामाची शाळा बांधू लागलं. तिथल्या कबरी उकरून ज्याचा माणूस त्याच्या हवाली करायचा, असं फादर जुलियोंनी ठरवलं. मयतामागे फळ्यांची पेटी, पांढरं कापड आणि एक बकरा. बकरा मेलेल्याच्या नावाने कापायला लागतो हे फादर ओळखून होते, म्हणून कागदोपत्री तो 'मजुरांचं जेवण' झाला; देव आणि देणगीदार, दोघांनाही तसा पचला. अट एकच: मयताचं नाव छावणीच्या दफनवहीत असलं पाहिजे. आणि वही लाबेजाच्या अक्षरातली होती.

छावणीतली शहाणी माणसं मेलेल्याची नोंद करत नसत. नोंद झाली की धान्याच्या कार्डावरचं एक तोंड कमी. लामुनूचा नवरा ओकोट तापाने गेला तेव्हा ती तोंडात फडकं कोंबून रडली. त्याच्या धाकट्या भावाने, ओडोकने, भर दुपारी कचऱ्याचा म्हणून खड्डा खणला. लाबेजाने ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली आणि वरून मक्याची ताटं लोटली. पुढे दोन वर्षं ओकोट महिन्याच्या महिन्याला मका खात राहिला. अर्धा लामुनूच्या घरी, अर्धा ओडोकच्या. तेलाची बाटली मास्तरांना.

"तो खड्डा कुठं आलाय, ठाऊक आहे ना?" लाबेजाने विचारलं.

"परवा बघून आले. तुमच्या शाळेच्या फरशीखाली. सिमेंट ओलं होतं अजून."

"आधी यायचं होतंत, लाकेरची आई."

"येऊन फादरना काय सांगायचं? मेलेल्याचं धान्य खाल्लं, आणि प्रार्थना मास्तरांनी म्हटली?"

लाबेजाने पेनाला टोपण लावलं.

शुक्रवारी भावकी बसणार होती. लामुनूला मुलगा नव्हता, एक मुलगी लाकेर तेवढी. ओडोकचं म्हणणं सरळ होतं: अंगणात ज्याची कबर, जमीन त्याच्या घरची. दाखव माझ्या भावाची कबर, नाहीतर ऊठ इथून. ती कबर कुठे आहे हे त्याच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

"पोरीला घेऊन कुठं जाऊ?" लामुनू म्हणाली. "छावणीसुद्धा मोडलीत तुम्ही."

लाबेजाचं बोट वहीवर खाली खाली सरकत एका ओळीवर थांबलं. एकेचाळीस. किलामा, परगावचा, वय तिशीचं, सोबत कोणी नाही. दवंडी देऊन दोन महिने झाले होते, न्यायला कोणी फिरकलं नव्हतं.

"हा न्या."

"कोण आहे?"

"विचारू नका. विचारलंत तर ओकोट म्हणून हाक मारताना जीभ अडखळेल."

"माझ्या दारात परका निजवू?"

"इतकी वर्षं आपण सगळे परक्याच्याच दारात निजलो की."

ती हसली नाही. पण पेटीच्या कागदावर अंगठा उठवला.

शुक्रवारी तिच्या अंगणात खड्डा तयार होता. बकरा कापून झाला होता. रीतीप्रमाणे हाडं भावाच्याच हातांनी मातीत ठेवायची. ओडोक खड्ड्यात उतरला, कापडाखाली हात घातला आणि मांडीच्या हाडापाशी थबकला. त्याची बोटं त्या हाडावरून वरपासून खालपर्यंत एकदा फिरली, मग पुन्हा.

लाबेजाच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. लहानपणी झाडावरून पडून ओकोटची मांडी मोडली होती. ती वाकडीच सांधली. जन्मभर लंगडला तो. आणि एवढी मोठी वही सांभाळणाऱ्या माणसाला नेमकं हेच आठवलं नव्हतं.

"वहिनी," ओडोक खालून म्हणाला, "माझ्या भावाचा पाय सरळ झालाय."

भावकीतले म्हातारे पुढे सरकले.

"नऊ वर्षं आडवा पडलाय," लामुनू म्हणाली. "आणि तुम्हीच तर निजवलात, भावोजी. कुठं आणि कसा, तुम्हीच सांगा ना सगळ्यांना."

ओडोकने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. सांगायचं तर आधी खड्डा सांगावा लागणार होता, आणि मग दोन वर्षांचा मका.

"काय म्हणतोस रे?" सर्वांत म्हाताऱ्याने कानाला हात लावला.

"काही नाही, काका. देवाची करणी म्हणालो."

त्याने ते लांब, सरळ हाड तान्ह्या पोराला ठेवावं तसं खाली ठेवलं आणि पहिली मूठ माती टाकली. जेवताना बकऱ्याचा भावाच्या मानाचा वाटा मात्र त्याने मागून घेतला.

सव्वा महिन्याने शाळेत रंधे चालू लागले. लाबेजा पडवीत बसला होता. तेव्हा एक म्हातारी आली. पाय घोट्यापर्यंत तांबड्या धुळीने माखलेले, बगलेत नवी कोरी चटई.

"चार दिवस चालतेय, बाबा. इथं मेलेल्यांची नावं लिहून ठेवलीत म्हणे. असा धर्म आमच्याकडं कोणी केला नाही. माझा किलामा तुमच्या छावणीकडं पळाला होता. असला तर चटईत बांधून घरी नेते."

लाबेजाने वही उघडली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तरी त्याने वही स्वतःकडे थोडी ओढून घेतली. एकेचाळिसाव्या ओळीपुढे त्याच्याच अक्षरात होतं: 'आप्तांनी नेला.' त्याने बोटाला थुंकी लावली, पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.

"या नावाची नोंद नाही, आई."

म्हातारी टेबलाची कड धरून उभी राहिली. मग तिच्या तोंडावर काहीतरी पसरत गेलं. लाबेजाने चष्मा काढला.

"म्हणजे मेला नाही तो," ती म्हणाली. "असेल कुठंतरी."

तिने बगलेतली चटई वहीवर ठेवली.

"मग ही राहू दे इथंच. कोणाला तरी लागेल."