दोन गिअरबॉक्स, दोन्ही सारखेच

"मागची चाकं उचलल्याशिवाय ही गाडी ओढून न्यायची नाही, वहिनी," आमचा जुना मेकॅनिक म्हणाला होता. "इंजिन बंद असलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. चाकं मात्र आतलं सगळं फिरवत राहतात. कोरडाच घासून मरेल बिचारा."

मी हो हो म्हटलं आणि विसरून गेले. मग एका दुपारी रस्त्यातच स्टार्टर गेला. चिमी, आमची आठ महिन्यांची मुलगी, उन्हाने लालबुंद होऊन रडत होती आणि एक ट्रकवाला दोर घेऊन उभा राहिला. नवरा म्हणाला, "अगं, पण तो काय म्हणाला होता..." त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही मी. "अकरा किलोमीटरने काय होतंय?"

अकरा किलोमीटरने झालं. स्टार्टर बदलला, इंजिन सुरू झालं, पण गाडी गिअरमध्ये टाकली की नुसती गुरगुरायची. जागची हलेना. तेलाला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.  

ही गाडी म्हणजे आमचं घर. मागे पलंग, एक शेगडी, चिमीची झोळी. भाड्याची खोली सुटल्यापासून सात महिने आम्ही तिच्यातच राहत होतो. आता घाटापलीकडच्या पाण्याच्या पंपावर नवऱ्याला नोकरी लागली होती, राहायला दोन खोल्यांसकट. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. आज गुरुवार होता.

भंगारवाल्या शेठच्या शेडमध्ये आमच्या मॉडेलचे दोन जुने गिअरबॉक्स होते. लाकडी फळ्यांवर शेजारी शेजारी ठेवलेले.

"डोळे मिटून कुठलाही उचला," शेठ म्हणाला.

"डोळे मिटूनच इथवर आलोय," नवरा म्हणाला.

त्याने पहिल्यातलं तेल बोटावर घेतलं. लाल, पारदर्शक. "हाच घेऊ या. बघ तरी, डाळिंबाचा रस आहे नुसता." दुसऱ्यातलं तेल तपकिरी होतं, चहाच्या गाळासारखं.

मला ते लाल तेल खटकलं. वीस वर्षं चाललेल्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स आणि तेल कालचं? बाळाच्या बाटल्या धुऊन धुऊन मला वरून चकाचक दिसणाऱ्या वस्तूचा तळ बघायची खोड लागली आहे. मी म्हटलं, "खालचे ट्रे उघडून बघायचेत."

"वहिनी, ऑपरेशन करताय की खरेदी?" शेठ वैतागला. पण नवऱ्याने पाना उचलला होता.

चिमी कडेवर. तिला खाली ठेवायला तेलाशिवाय जागा नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी हात पुढे केले. "आण इकडे. मी काही खात नाही तिला."

साठीची बाई होती ती. निळ्या पडद्यांची, सायीच्या रंगाची गाडी शेडच्या दारात उभी होती, अगदी आमच्याच मॉडेलची. गाडीत मागे तिचा भाऊ पडून होता. त्याचं अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. त्याला ती दादा म्हणत होती. त्याला घाटापलीकडच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि तिचाही गिअरबॉक्स गेला होता. "आम्ही तिघंही म्हातारे," ती म्हणाली, "मी, दादा आणि ही गाडी. त्यातल्या त्यात मीच काय ती चालते." चिमी तिच्या चष्म्याला लटकली आणि गप्प झाली. मी तिला मावशी म्हणू लागले.

ट्रेच्या तळाशी एक छोटं लोहचुंबक असतं. झिजलेलं लोखंड त्याच्यावर जमतं. तपकिरी तेलाच्या ट्रेमध्ये त्याच्यावर करडा लेप होता, काजळासारखा मऊ. इतकी झीज चालते. लाल तेलाच्या ट्रेमध्ये चकचकीत कपच्या होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या. बोटात चोळल्या तर टोचल्या. हा आतून फुटला होता. वरून ताजं तेल ओतून ठेवलं होतं.

शेठ माझ्याशेजारी उकिडवा बसला. मावशी तिकडे चिमीला आरशात तिचंच तोंड दाखवत होती.

"दिसायचं ते दिसलं ना तुम्हाला?" तो हळूच म्हणाला. "हा तपकिरी तुमचा. शनिवारपर्यंत माझा फिटर बसवून देतो. पण इथे तोंड उघडलंत तर दोन्हीतला एकही विकणार नाही मी. मग सोमवार कसा गाठायचा ते तुमचं तुम्ही बघा." त्याने लाल तेलाचा ट्रे फडक्याने पुसून लावून टाकला.

मावशी आली. चिमी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"पोरी, तू शिकलेली दिसतेस. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुठला बरा गं?"

नवरा हातातल्या पान्याकडे बघत राहिला. मी चिमीला घेतलं. तिच्या गालावर मावशीच्या ब्लाउजच्या शिवणीचा वळ उठला होता.

"दोन्ही सारखेच आहेत, मावशी."

"मग मला लाल तेलाचा. निदान चेहऱ्यावर तरतरी तरी आहे त्याच्या." आणि हसली.

शनिवारी दुपारी तिची गाडी आधी तयार झाली. आमची अजून जॅकवर होती, शेवटचे बोल्ट आवळायचे राहिले होते. शेठ फिटरच्या डोक्यावर उभा होता.

"सांग तिला," नवरा म्हणाला.

"तू सांग."

मी तिच्या खिडकीपाशी गेले. मागून दादांनी चांगला हात उचलून चिमीला टाटा केला. मावशीने माझा फोन नंबर मागितला, तेव्हा मी चिमीचं नाक पुसत बसले. "घाटात जपून," एवढंच म्हणाले. बास. एवढंच.

आमचे बोल्ट तासाभरात आवळून झाले. घाटाच्या पायथ्याशी दोन रस्ते फुटतात. तिथला चहाचा टपरीवाला म्हणाला, निळ्या पडद्यांची गाडी जुन्या रस्त्याने गेली. त्या रस्त्याला चढ जास्त, वस्ती नाही. नवऱ्याने गाडी जुन्या रस्त्याच्या तोंडाशी थांबवली. मी चिमीकडे पाहिलं आणि म्हटलं, "नव्याने चल." गाडी लोण्यासारखी चढली. प्रत्येक वळणावर गिअर बदलला की मी जुन्या रस्त्याच्या दिशेने बघायचे.

नोकरी मिळाली. दोन खोल्या आहेत, नळाला पाणी आहे. दोन आठवडे झाले. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात चौकशी केली. तसा पेशंट आलाच नाही म्हणाले. शेठ फोन उचलत नाही. त्यांना शोधायला जायचं म्हणून नवऱ्याने काल रजा मागितली, अजून महिनाभर मिळणार नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही कुठल्याही जुन्या घाटाने जात असाल आणि कडेला सायीच्या रंगाची, निळ्या पडद्यांची गाडी उभी दिसली, तर पुढे निघून जाऊ नका. थांबा. हाक मारा. मावशी पाणी आणायला गेली असेल तर ओ येणार नाही, दादांना बोलता येत नाही. मागच्या खिडकीचा पडदा सरकवून आत बघा. एवढं करा.