खऱ्या धुळीचा मानकरी

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना मी बिघडलेला पाण्याचा पंप वाटतो. तसे नाही हो! मी हवेतली धूळ मोजणारा जुना धूळमापक आहे. अंग पत्र्याचे, डोक्यावर उतरत्या छपराची टोपी. पोटातला पंखा हवा ओढून घेतो आणि धूळ पांढऱ्या गाळणकागदावर बसते. कोऱ्या कागदाचे वजन आधी करायचे, मळलेल्याचे नंतर. जे वाढले ते तुमच्या छातीत जाणारे. हवा येईल तशी गिळायची, हा माझा नेम. तो मी कधी मोडला नाही.

विद्यापीठातल्या संशोधक मॅडमनी मला एका शाळेच्या गच्चीवर बसवले. खालून सिमेंटचे ट्रक धडधडत जात आणि वर्गांतून खोकल्याचे आवाज येत. शाळेच्या वेळात ट्रक दुसरीकडून वळवावेत का, हे नगरपालिका ठरवणार होती. मॅडम धूळही मोजत आणि रस्त्यावरच्या दुकानांची विक्रीही टिपत. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना पाहताच कुरकुरे, "मॅडम, ट्रकवाले हेच आमचं गिऱ्हाईक. मुलांची छाती वाचवाल, पण आमचं पोट?"

आकडे भलतेच चढे आले. आता ट्रक नक्की वळणार, म्हणून मॅडम हरखल्या.

एका सकाळी मात्र त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. पाहतात तर शाळेतल्या शिपाईमावशी खराट्याने माझ्याभोवती खसाखसा झाडत आहेत आणि लोट थेट माझ्या तोंडात!

"अहो मावशी, हे काय?"

"रोज झाडते की! एवढा शिकलेला पाहुणा गच्चीवर आलाय, त्याला काय कचऱ्यात उभा करू?"

मॅडमनी माझा मळलेला कागद बाहेर काढून पाहिला. आजवरची धूळ थोडी ट्रकची आणि थोडी मावशींच्या मायेची! कुठली किती, हे मलाही सांगता येईना.

"कोणाला कळणार आहे?" त्यांचे सहकारी म्हणाले. "आकडे आपल्याच बाजूचे आहेत, राहू देत."

"मला कळलंय ना," मॅडम हळूच म्हणाल्या.

त्यांनी सगळे कागद बाद केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मावशींचे डोळे भरून आले. मॅडमनी त्यांच्या हाती ओले फडके दिले. "रुसू नका. पाहुण्याला आता यानेच पुसायचं."

नगरपालिकेच्या सभेत दुकानदार तावातावाने उठला. "आधी धूळ जास्त होती म्हणे! आता कमी कशी?"

"आधीचं मोजमाप चुकलं होतं. मीच टाकून दिलं," मॅडमनी सगळ्यांदेखत सांगितले. "पण ही कमी भरलेली धूळही मुलांना सोसण्यासारखी नाही. आणि तुमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक पायी येतं. तेही मोजलंय."

दुकानदार डोके खाजवत खाली बसला. "स्वतःची चूक स्वतःच सांगणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कसं? बघू या करून!"

ट्रक वळले. पुढच्या वर्षी मीच पुन्हा मोजले, तेव्हा माझा कागद कितीतरी उजळ निघाला. दुकानदाराने दारात बाक टाकला. मुलांना न्यायला येणाऱ्या आया त्यावर टेकतात आणि जाताना काहीबाही घेऊन जातात.

आज माझ्याहून चपळ यंत्रे आली आहेत. मी विद्यापीठात मॅडमच्या विभागाच्या व्हरांड्यात उभा असतो. कोणी माझ्या टोपीवर पिशवी अडकवते, कोणी नुसतेच टेकून उभे राहते. तरी माझी मान ताठ आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या मोजणाऱ्यांना भंगारात काढू नका. आमच्यासमोर खोटे काही ठेवू नका. आणि माझ्यावर धूळ दिसली, तर जरूर पुसा.

फक्त फडके तेवढे ओले असू द्या.