गोल की लांबट?

मित्रांनो, मी एक जुना क्ष-किरण मोजणारा डिटेक्टर आहे. माझ्या पोटात जर्मेनियमचा मुठीएवढा स्फटिक आहे. मला घडवणाऱ्यांना वाटलं होतं, मी सगळं स्वच्छ सांगेन. प्रत्यक्षात माझं निम्मं आयुष्य गोंधळण्यातच गेलं.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ. तो अणूत शिरला की पायरी पायरीने उतरत केंद्रकाला जाऊन खेटतो आणि उतरताना क्ष-किरण सोडतो. त्यांची ऊर्जा मी मोजायची, प्रत्येक ऊर्जेची पडद्यावर एक रेषा उमटायची आणि त्या रेषांवरून प्रयोगशाळेतल्या बाईंनी केंद्रकाचा आकार ओळखायचा.

एकदा बाईंनी एका दुर्मिळ धातूचा तुकडा माझ्यासमोर ठेवून त्यावर म्यूऑन सोडले. जिथे दोन ठसठशीत रेषा यायच्या, तिथे सहा-सात रेषांची दाटी झाली. मी गांगरलो. पुन्हा मोजलं, तरी तेच!

"याचे डोळे गेलेत," विभागप्रमुख म्हणाले. "अडगळीत टाका. नवा मागवू."

माझ्यात द्रव नायट्रोजन भरणाऱ्या तंत्रज्ञांना सगळे थंडोबा म्हणत. ते उखडले. "साहेब, अठरा वर्षं याला गार ठेवतोय. एक खेप चुकवली नाही. असा कसा बिघडेल?"

खरं सांगू? मलाच माझी खात्री नव्हती. इतकी वर्षं केंद्रकांतून उडणाऱ्या न्यूट्रॉनांचा मार खाल्ला होता. स्फटिकाला इजा झाली असली तर?

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "याला आपलं शिसं दाखवू. त्याचं केंद्रक गोल गरगरीत. त्याच्या रेषा आपल्याला पाठ आहेत."

थंडोबांनी तुकडा बदलला. दुपारभर मी जीव मुठीत धरून मोजत राहिलो. हळूहळू पडद्यावर दोन रेषा उभ्या राहिल्या. सुबक, वेगवेगळ्या, अगदी जागच्या जागी.

विभागप्रमुख पडद्याजवळ आले. "म्हणजे हा ठणठणीत आहे?"

"हो, सर," बाई म्हणाल्या. "त्या धातूचं केंद्रकच लांबट आहे, अंड्यासारखं. म्हणून तर रेषा फुटल्या."

"मग माझंच चुकलं," ते थंडोबांकडे वळून म्हणाले. थंडोबा माझ्या झाकणावरून हात फिरवत राहिले.

केंद्रक मी कधी पाहिलेलं नाही. लांबट म्हणजे नक्की कसं, ते मला अजूनही उमगत नाही. मला मोजायचं तेवढं कळतं. म्हणून मित्रांनो, एखादं जुनं यंत्र विचित्र उत्तर देऊ लागलं, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, असं काहीतरी आधी त्याला विचारा. आणि ते उत्तर देईपर्यंत त्याची देखभाल थांबवू नका.