घरातलंच रक्त

पोरगं खात न्हाय, पिवळं पडलंय, पोट तेवडं फुगलंय. असं पोरगं कुटल्या गल्लीत न्हाय, सांगा! आन मग घराघरात डागदर. एक म्हनतो जंत हायत, दुसरी म्हनती दिष्ट लागली, तिसरी म्हनती दात येत्यात. चौऱ्याहत्तर सालात सोलापुरात निंगप्पाच्या खोलीत ह्येच चाललं हुतं.

निंगप्पा चादरीच्या कारखान्यात मागावर. बायको दाक्षायणी त्याच्या सख्ख्या भनीची लेक, म्हंजे भाचीच. त्यांच्यात मामालाच देत्यात, त्यात नवल न्हाय. दोगांचं थोरलं पोर दीड वर्साचं हून गेलं. हा दुसरा, सोमलिंग, तीन वर्साचा. तोंड कसं, मेनासारखं. चार पावलं चालला की मटकन खाली बसायचा.

दुधनीवरनं निंगप्पाची आई गौरम्मा आली. दाक्षायणीची ती सासू बी आन आज्जी बी. आल्याआल्या तिनं पोराच्या डाव्या बरगडीखाली बोटं घातली. दगडासारखं टनक लागलं.

"पानथरी वाढलीया," म्हनली, डागदर प्लीहा म्हनत्यात ती. "डाग द्यावा लागतोय."

"अज्जी, थोरल्याला बी दिलता की," दाक्षायणी हळूच म्हनली. "कुटं राहिला त्यो?"

"त्याला दोनच दिलते. ह्याला पाच देऊ."

म्हातारीची माया लई हुती बरं का. पन मायेनं मानूस जे करतो, ते वैऱ्याला बी जमत न्हाय. मंद्रूपच्या बाजारात एक म्हातारा डाग द्यायचा. निंगप्पानं पोराचे पाय धरले, गौरम्मानं डोकं. लाल सळई पाच येळा पोटावर टेकली. वर लव्हाराकडनं पानी आनलं, तापलेलं लोखंड विझवत्यात ते. त्यानं रक्त वाढतंय म्हनं. रोज सकाळी वाटीभर. सोमलिंग तोंड वाकडं करायचा, पन प्यायचा. शानं पोर!

आठ दिसांत डाग चिघळले. ताप चढला. हाक मारली तर पोर बघंना. निंगप्पानं माग तसाच सोडला, पोराला खांद्यावर टाकलं आन मोठ्या दवाखान्यात पळाला. मागनं दोगी बाया.

तितं सोजरबाई म्हनून एक सिस्टर हुती, टेंभुर्णीकडची. वीस वर्सं वार्डात काढल्याली. तिनं पोराचा सदरा वर केला आन थांबली.

"ह्ये कुनी केलं?"

निंगप्पानं सदरा परत खाली वढला.

"डागताना हात चालला, आता जीभ चालंना व्हय?"

डागदरांनी निंगप्पाचं रक्त जुळवून पोराला चढवलं. दोन दिसांनी पोराचे ओठ लाल झाले. "भाकरी दे" म्हनला! दाक्षायणी हसत हुती आन रडत हुती. पन आजार घरातनंच आला का, अशी डागदरांना शंका आली. म्हनले, पोरासंगट आई, बाप आन आजी, तिगांचं बी रक्त पुन्याला पाठवू.

गौरम्मा उठलीच. "माझं कशाला? माझ्या धाकट्याचं, सिद्धप्पाचं लगीन ठरलंय. हिच्याच भनीसंगट, ईरम्मासंगट. रक्ताचा बोभाटा झाला म्हंजे?"

"आजी," सोजरबाई म्हनली, "बोभाटा नातवापरीस मोठा हाय का?"

म्हातारीनं हात पुडं केला.

तीन आठवड्यांनी कागद आला. सोजरबाईनं तिगांना वार्डाबाहेर बाकड्यावर बसवलं. थॅलसेमिया म्हनत्यात डागदर, ती म्हनली. रक्त अंगात टिकत न्हाय, नासतं. जल्मापासनंच.

"आमच्या रक्तात खोट?" गौरम्मा कडाडली. "पाच पिढ्या बाहेरचं रक्त घरात येऊ दिलं न्हाय आमी! मग बिघडंल कसं?"

"आजी, म्हनूनच!"

मग सोजरबाई निंगप्पाकडं वळली. "तू मागावर हायस न्हवं? दुपदरी सुतात एक पदर कच्चा आन एक पक्का असंल, तर धागा तुटतो का?"

"न्हाय. चालून जातंय."

"तसा तू. तशी तुजी बायको. आन कागद सांगतोय, तशीच ही आजी. एकेक पदर कच्चा, दुसरा पक्का. म्हनून आजी सत्तरीला बी ठनठनीत. पन पोराला एक पदर आईकडनं येतो आन एक बापाकडनं. दोनी कच्चे आले की?"

निंगप्पाला पुडचं सांगावं लागलं न्हाय. "धागा तुटतोय," त्यो म्हनला.

"परक्या घरात दिलं तरी ह्ये हुऊ शकतंय," सोजरबाई म्हनली. "पन घरातल्या घरात देनंघेनं केलं की कच्च्याला कच्चा गाठ पडायची भीती लई."

"म्हंजे माजंच चुकलं," दाक्षायणी म्हनली.

"जेवडं तुजं, तेवडंच ह्याचं. म्हंजे कुनाचंच न्हाय, पोरी."

"पोर बरं हुईल न्हवं?" निंगप्पानं इचारलं.

सोजरबाईनं खोटं बोलायचं टाळलं. "दर म्हैन्याला रक्त द्यायचं. जल्मभर. बरं करायचं औशद आज तरी न्हाय. आन ते लोखंडाचं पानी बंद! ह्याच्या अंगात लोखंड कमी न्हाय, रक्त देऊन उलट वाढतंय. लई उशिरा आनलासा. काळीज थकलंय त्याचं."

कारखान्यातल्या गड्यांनी रक्त दिलं. चार येळा चढवलं. पाचव्या येळेला बाटली लावायच्या आदीच सोमलिंगाचा दम तुटला. दाक्षायणीच्या मांडीवर.

माती देऊन पंधरवडा झाला, तवा भावकीतले सिद्रामप्पा दुधनीला गौरम्माकडं आले. वडीलधारी मानूस. घोंगडीवर बसले, उसासा टाकला आन म्हनले, "झालं ते शिवाच्या मर्जीनं झालं. सिद्धप्पाचं लगीन लांबवू नगा. तारीख धरू."

"शिवाला मधी आनू नगा," गौरम्मा म्हनली. "त्यानं न्हाय डोकं दाबून धरलं पोराचं. मी धरलं."

"अगं पन ठरल्यालं..."

"मोडलं! पैलं सिद्धप्पाचं रक्त बघायचं, मग ईरम्माचं. दोगांचं बी कच्चं निघालं तर ह्यो एकीकडं, ती एकीकडं. आन जितं जातील तितं बी रक्त बघूनच."

"लोक काय म्हनतील?"

"लोक दोनी येळा माती द्यायला आले, अण्णा. दुसरं पोर बी कशानं गेलं, एकानं तरी इचारलं का? तुमी इचारलं?"

सिद्रामप्पा घोंगडीवरनं उठले. जाताना रामराम केला न्हाय.

माती दिल्यापासनं दुधनीलाच राहिलेली दाक्षायणी आत चुलीपुडं हुती. तिनं सगळं ऐकलं. ती बाहेर आली न्हाय आन अज्जीशी बोलली बी न्हाय. त्या दिशी न्हाय, आन पुडं लई दिवस न्हाय. समजल्यानं मेलेलं पोर परत येत नसतंय.

तर बाबांनो, बायांनो, पोर पिवळं पडलं, दमायला लागलं, पोटात गाठ लागली, तर सळई तापवू नगा. डागदर गाठा, आन त्याच दिशी गाठा. नात्यात सोयरीक जुळवायच्या आदी रक्त तपासा, आन घरात असलं एक बी पोर गेलं असंल तर सगळ्यांचं तपासा. खोट निघाली तर लाजायचं कारन न्हाय, आन आईला बोल लावायचं तर मुळीच न्हाय. लाज वाटायचीच असंल तर न इचारल्याची वाटू द्या. गौरम्माला दोन नातू घालवून ह्ये कळलं. तुमी तेवडी किंमत देऊ नगा.